महालक्ष्मीचा कलामेळा आणि मुंबईची कलासृष्टी : एक समीक्षात्मक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१६ ते १९ नोव्हेंबर २०२३ या चार दिवसांत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' हा आंतरराष्ट्रीय कलामेळा प्रथमच भरला. पन्नासहून अधिक कलादालने त्यात सहभागी झाली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ही संख्या सत्तरच्या पुढे गेली आणि २०२५ च्या तिसऱ्या मेळ्यात ती ऐंशीच्या वर पोहोचली. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात अग्रस्थानी असलेल्या या शहराला स्वतःचा म्हणावा असा मोठा कलामेळा एवढ्या उशिरा मिळाला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. दिल्लीत असा मेळा 'इंडिया आर्ट समिट' या नावाने २००८ मध्येच सुरू झाला होता व पुढे तो 'इंडिया आर्ट फेअर' म्हणून प्रसिद्धीस आला.

या घटनेची इंग्रजी वृत्तपत्रांनी विपुल दखल घेतली. मात्र ती मुख्यतः विक्रीचे आकडे आणि उपस्थितांची नावे एवढ्यापुरती होती. मराठी विद्याक्षेत्राने तर तिच्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवापासून नाट्यस्पर्धेच्या निकालापर्यंत सर्व सांस्कृतिक व्यवहारांची चिकित्सा करणारी आपली समीक्षा चित्राच्या बाजाराबाबत मौन का बाळगते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा. 'तो पैशाचा खेळ आहे' असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि समकालीन कला कशाला म्हणावे आणि कोणाला कलावंत मानावे, याचा निर्णय आज ज्या थोड्या ठिकाणी प्रत्यक्षात होतो त्यांपैकी कलामेळा हे एक प्रमुख ठिकाण आहे. प्रस्तुत लेखात या मेळ्याचा, तो भरवणाऱ्या शहराच्या कलापरंपरेच्या संदर्भात आणि सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरातून पाहिल्यास जे प्रश्न उपस्थित होतात त्यांच्या अनुषंगाने, विचार केला आहे.

मेळा, द्वैवार्षिकी आणि जत्रा

कलामेळा आणि कलेची द्वैवार्षिकी यांत आपल्याकडे वारंवार गल्लत केली जाते. व्हेनिसची द्वैवार्षिकी १८९५ पासून भरते. तेथे एखादा संकल्पक एखाद्या सूत्राभोवती कलाकृतींची निवड करतो आणि प्रेक्षकाने त्या सूत्राशी वाद घालावा अशी अपेक्षा असते. कलामेळ्याची घडण निराळी आहे. १९६७ मध्ये कोलोन येथे व १९७० मध्ये बाझेल येथे सुरू झालेले मेळे हे कलादालनांच्या चालकांनी स्वतःच्या व्यवसायासाठी उभारले होते. दालन जागेचे भाडे भरते, आपल्या कलावंतांचे काम मांडते आणि विकते. निवड समिती असते, परंतु ती दालनांची निवड करते, चित्रांची नव्हे. मेळ्याला सूत्र नसते, याचे कारण मेळ्याला मत नसते. एकाच छताखाली परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या शेकडो कलाकृती शेजारी शेजारी टांगल्या जातात व त्यांना जोडणारा धागा एकच असतो, तो म्हणजे त्या विक्रीस आहेत.

या ठिकाणी एक वस्तुस्थिती नोंदवावीशी वाटते. भारतातील सर्वांत महत्त्वाची द्वैवार्षिकी १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची येथे सुरू झाली. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले आणि मुंबईतच कलावंत म्हणून नावारूपाला आले. द्वैवार्षिकी मात्र त्यांनी केरळात उभारली. तिला त्या राज्याच्या शासनाचे पाठबळ मिळाले. म्हणजे मुंबईने माणसे घडवली, त्यांनी प्रश्न विचारणारे प्रदर्शन अन्यत्र मांडले आणि मुंबईच्या वाट्याला अकरा वर्षांनी मेळा आला. या क्रमाला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. सार्वजनिक पैशाने उभे राहणारे मोठे कलाप्रदर्शन महाराष्ट्राला का साधले नाही, हा प्रश्न मेळ्याच्या आयोजकांना नव्हे, तर राज्याच्या सांस्कृतिक धोरणाला विचारावयाचा आहे.

'मेळा' या शब्दातच मराठी माणसाला जत्रा ऐकू येते. सोलापूरकरांना तर सिद्धेश्वर यात्रेतील गड्ड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. गड्ड्यावर पाळणे असतात, भांडी असतात, खेळणी असतात आणि खरेदी-विक्रीही भरपूर होते. परंतु तो बाजार नंदीध्वजाच्या निमित्ताने भरतो. खरेदी न करणारा माणूसही तेथे परका ठरत नाही, कारण त्याचे येणे विक्रीसाठी मोजलेले नसते. कलामेळ्यात हे निमित्त नाहीसे झालेले असते. तेथे पहिला मान निमंत्रित संग्राहकांना असतो व सर्वसाधारण प्रेक्षक तिकीट काढून त्यानंतर आत जातो. तोवर काही चित्रांच्या बाजूला विक्री झाल्याचे लाल ठिपके लागलेलेही असतात.

यजमान शहराचा वारसा

मुंबईची कलासृष्टी संस्थांनी घडवली, तशी ती संस्थांविरुद्धच्या बंडानेही घडवली. सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ ची आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची १८८८ ची. जवळजवळ शतकभर या दोन संस्थांनी चित्र कसे असावे याचे मापदंड ठरवले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने ते नाकारले. या गटाच्या सहा संस्थापकांची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्याच्या साळगावचे, ज. जी. मधून काढून टाकलेले. के. एच. आरा हैदराबादजवळील बोलारमहून आलेले व घरकाम करून पोट भरलेले. ह. अं. गाडे विदर्भातले, सय्यद हैदर रझा मध्य प्रांतातले, सदानंद बाकरे शिल्पकार. आणि मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. मुंबईत त्यांनी सिनेमाची भव्य फलके रंगवली, लाकडी खेळणी व फर्निचरची चित्रे काढली. ज्याला आज 'मुंबईची आधुनिक चित्रकला' म्हटले जाते ती बाहेरून आलेल्या, बहुतांशी निर्धन तरुणांनी निर्माण केली.

त्यांना पाहणारे, समजून घेणारे आणि विकत घेणारे कोण होते? वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर हे नाझी राजवटीमुळे युरोपातून मुंबईत आलेले तिघे या चित्रकारांचे आरंभीचे आधारस्तंभ होते. लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलादिग्दर्शक होते, लायडन कलासमीक्षा लिहीत आणि श्लेसिंजर चित्रे विकत घेत. एक शिक्षक, एक समीक्षक आणि एक ग्राहक एकाच दिवाणखान्यात बसत. विशेष म्हणजे या मंडळात समीक्षेचे स्थान खरेदीच्या आधीचे होते. १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले व चित्रकाराला स्वतःच्या हिमतीवर भाड्याने घेता येईल अशी जागा शहराला प्रथमच मिळाली. चित्रांच्या चौकटी बनवण्याचा व्यवसाय करणारे केकू गांधी आपल्या दुकानात हुसेन-आरांची चित्रे लावीत. १९६३ मध्ये त्यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर 'केमोल्ड' हे दालन सुरू केले. पुंडोल दालनही त्याच वर्षाचे. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत गायतोंडे व हुसेन यांची चित्रशाळा, अल्काझींची नाट्यशाळा आणि रविशंकर यांचा संगीतवर्ग एकाच आवारात चालत. जहांगीरमधील 'समोवार' हे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चालले व तेथे चहाच्या एका कपावर चित्रांविषयी तासन् तास वाद होत.

हा इतिहास स्मरणरंजन म्हणून सांगितलेला नाही. त्यातून एक निरीक्षण पुढे येते. त्या काळी मुंबईत चित्र विकले जाण्यापूर्वी त्याच्याविषयी बोलले जात असे आणि बोलण्याची ठिकाणे फुकट किंवा स्वस्त होती. आजही जहांगीरमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतले चित्रकार वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबून, स्वखर्चाने आठवडाभराचे प्रदर्शन भरवतात. मात्र या दालनात प्रदर्शन भरवणारा चित्रकार आणि कलामेळ्यात झळकणारा चित्रकार यांचे रस्ते आता एकमेकांना क्वचितच मिळतात. कुलाबा, फोर्ट व काळा घोडा या पट्ट्यातील व्यावसायिक दालने आपले कलावंत स्वतः निवडतात. त्यांच्याकडे अर्ज करून जाता येत नाही. मेळ्यात प्रवेश दालनामार्फतच मिळत असल्याने, दालन नसलेला कलावंत, मग तो कितीही समर्थ असो, या नकाशावर अस्तित्वातच नसतो.

रेसकोर्सवरील चार दिवस

'आर्ट मुंबई'च्या संस्थापकांत 'सॅफ्रनआर्ट' या लिलावगृहाचे दिनेश वझिरानी व मीनल वझिरानी, लंडनच्या ग्रोव्हनर दालनाचे कॉनर मॅकलिन आणि दिल्लीच्या चावला दालनाचे नकुल देव चावला यांचा समावेश आहे. लिलावगृह आणि दालने यांचे हितसंबंध जगभर परस्परविरोधी मानले जातात. दालनाने कलावंताचे मोल हळूहळू वाढवावयाचे असते, तर लिलाव त्या मोलाची एका संध्याकाळी जाहीर परीक्षा घेतो. या दोन्ही व्यवहारांतील माणसे येथे एकत्र आली यात गैर काही नाही. कलाबाजार लहान असताना असेच घडते. परंतु त्याचा परिणाम मांडणीवर होणे अपरिहार्य होते. 'समकालीन' या नावाने भरणाऱ्या भारतीय मेळ्यांत हुसेन, रझा, सूझा, तैयब मेहता या दिवंगत आधुनिकांची चित्रे दर्शनी भागात असतात व मेळ्याचा आर्थिक कणाही तीच असतात. दालनांना जागेचे भाडे भरून काढावयाचे असते आणि ज्याची किंमत सिद्ध झाली आहे असे चित्र त्याकामी जिवंत कलावंताच्या धाडसापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

या भरवशाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. वासुदेव गायतोंडे यांचे १९७० चे एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेले. त्याआधी मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' (१९५४) न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. खेड्यातील जीवनाचे तेरा भाग असलेले हे जवळपास चौदा फुटी चित्र एका युरोपीय डॉक्टराने दिल्लीत असताना घेतले होते व पुढे ते ओस्लो येथील रुग्णालयाला दिले होते. कित्येक दशके ते तेथेच टांगलेले होते. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाने काढलेले गाव नॉर्वेच्या दवाखान्यात राहिले आणि अमेरिकेत विकले गेले. त्याची किंमत ऐकून आपण अभिमान बाळगावा की आपल्या जिल्ह्यात या चित्रकाराचे एखादे मूळ चित्र विद्यार्थ्यांना पाहता येत नाही याची खंत करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

अशा पुनर्विक्रीत कलावंताचा वाटा किती, असा प्रश्न कायद्यानेही विचारला आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५३-अ नुसार चित्र, शिल्प वा रेखाटन दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास मूळ कलावंतास किंवा त्याच्या वारसांस विक्रीच्या रकमेत हिस्सा मागता येतो व तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद प्रत्यक्ष व्यवहारात मात्र क्वचितच दिसते. कलामेळ्यांच्या व्याख्यानसत्रांतून संग्रह कसा करावा, गुंतवणूक म्हणून चित्राकडे कसे पाहावे, यावर तज्ज्ञ बोलतात. कलम ५३-अ हा विषयही तेवढ्याच आस्थेने तेथे चर्चिला गेला, तर मेळ्याला 'कलावंतांचा उत्सव' म्हणवून घेण्याचा अधिकार अधिक बळकट होईल.

या टीकेची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. चार दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याला येथे जेवढी मूळ चित्रे पाहता येतात तेवढी राज्यातील कोणत्याही सार्वजनिक संग्रहालयात एका जागी पाहता येत नाहीत. सोलापूरच्या कला शिक्षकाने गायतोंडे यांचे चित्र पुस्तकात पाहिलेले असते, तेही बहुधा फिक्या छपाईत. रंगाचे थर, कॅनव्हासचा पोत, चित्रासमोर उभे राहिल्यावर जाणवणारी शांतता या गोष्टी छपाईत येत नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली व त्याच वर्षी हा मेळाही. गाडीचे भाडे आणि मेळ्याचे तिकीट ज्याला परवडते, त्याच्यासाठी हा लाभ निर्विवाद आहे. विक्री न करणाऱ्या संस्थांनी ही जबाबदारी पार पाडली असती तर खासगी मेळ्याकडे शिक्षणाच्या अपेक्षेने पाहण्याची वेळ आली नसती, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील तरुण कलावंतांना आंतरराष्ट्रीय वाट मिळाली तीही मुख्यतः खासगी दालने आणि परदेशी निमंत्रणे यांतूनच. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसाखाणींच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते कोळशानेच चित्रे काढतात. जमीन पोखरली गेलेला शेतकरी आणि दिव्याच्या जागी डोके हरवलेला खाणकामगार त्यांच्या भिंतींवर दिसतो. मुंबईच्या चाळीतील कामगार-रंगभूमीचा वारसा सांगणारे अमोल पाटील २०२२ च्या कासेल येथील 'डॉक्युमेंटा'त सहभागी होते. विक्रांत भिसे यांच्या चित्रांतून आंबेडकरी चळवळीचा दृश्य इतिहास उभा राहतो. हे तिघेही चकचकीत बाजाराचे आवडते विषय हाताळत नाहीत, तरी बाजाराने त्यांना जागा दिली आहे. बाजार विरोधालाही सामावून घेतो, असे म्हणून हा मुद्दा निकालात काढता येईल. परंतु ही नावे मराठी वाचकापर्यंत बाजाराच्या आधी मराठी समीक्षेने पोहोचवली होती का, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे.

मागावरचे चित्र

या सर्व चर्चेत सोलापूरचा प्रत्यक्ष संबंध येतो तो वस्त्राच्या निमित्ताने. अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रदर्शने व कलामेळे यांतून विणलेल्या, शिवलेल्या, भरतकाम केलेल्या कलाकृती ठळकपणे दिसू लागल्या आहेत. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत वस्त्राधारित कामांचा मोठा भरणा होता. त्यात मुंबईच्या मोनिका कोरिया यांचेही काम होते. १९३८ मध्ये जन्मलेल्या कोरिया यांनी अमेरिकेत विणकामाचे शिक्षण घेतले व मुंबईतील आपल्या मागावर दशकानुदशके काम केले. विणता विणता मागाची फणी काढून टाकणे हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. फणी ही ताण्याचे धागे समांतर व समान अंतरावर ठेवते. ती काढली की धागे मोकळे होतात, सरकतात, एकमेकांजवळ येतात किंवा दूर जातात आणि कापडात नदीच्या प्रवाहासारखी वळणे उमटतात. सोलापूरच्या कोणत्याही विणकराला या कृतीतील धाडस क्षणात कळेल, कारण फणीचा घोटाळा म्हणजे कापड बिघडणे हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. तंत्राच्या शिस्तीतील एक मूलभूत अट जाणीवपूर्वक मोडून तिथून नवे रूप काढणे हे निश्चितच कलावंताचे काम आहे. कोरिया यांच्या कामाला मिळालेली मान्यता त्यामुळे यथार्थ वाटते.

आता सोलापूरकडे पाहू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने या शहरात विणकामाची जी परंपरा रुजवली, तिच्यात चादरीखेरीज हातमागावरील वॉल हँगिंगचाही समावेश होतो. देवदेवता, राष्ट्रपुरुष, निसर्गदृश्ये, इतकेच नव्हे तर हयात व्यक्तींची चेहरेपट्टीही येथील विणकरांनी धाग्यात उतरवली आहे. यामागील प्रक्रिया सूक्ष्म आहे. प्रथम मूळ चित्र आलेख-कागदावर चौकोना-चौकोनाने उतरवले जाते. प्रत्येक चौकोन म्हणजे ताणा व बाणा यांच्या छेदाचा एक बिंदू. चेहऱ्यावरील सावली किती चौकोनांत विभागायची, गालाचा उतार किती रंगांत दाखवायचा, हे आलेख करणारा ठरवतो. मोजके रंग आणि चौकोनाची सक्ती यांतून त्याला सादृश्य साधायचे असते. त्यानंतर विणकर धोट्यागणिक ते चित्र उभे करतो. ही केवळ नक्कल आहे असे म्हणणारा माणूस छायाचित्र आणि आलेख यांच्यामधील निर्णयांची संख्या विसरतो.

मग एक कलाकृती आणि दुसरी हस्तकला का? सौंदर्यशास्त्राचे उत्तर असे की एकीत तंत्राची चौकट मोडून नवे रूप शोधले आहे, तर दुसरीत दिलेली प्रतिमा तंत्राच्या आधारे साकारली आहे. हे उत्तर पुष्कळ अंशी मान्य करावे लागेल. वॉल हँगिंगमधील बरीचशी कामे छापील चित्रांची भाषांतरे आहेत व त्यांतील भाव कॅलेंडरच्या पुढे जात नाही, हे सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. परंतु बाजाराचे उत्तर वेगळे आहे आणि तेच अधिक निर्णायक ठरते. बाजारात कलाकृती ठरते ती सहीने. तिच्यासोबत प्रमाणपत्र असते, तिची संख्या मर्यादित असते, आधी ती कोणाकडे होती याची नोंद असते. हस्तकलेच्या वस्तूला यांतले काही नसते. तिच्यावर असलीच तर संस्थेची वा कारखान्याची पट्टी असते. करशास्त्रानेही दोघांची घरे निराळी ठेवली आहेत. हाताने काढलेले चित्र वस्तूंच्या वर्गीकरणात ९७ व्या प्रकरणात येते, तर हाताने विणलेले चित्रपट ५८ व्या प्रकरणात, इतर विशेष कापडांच्या शेजारी.

सोलापुरी चादरीला मिळालेला भौगोलिक निर्देशांक या दृष्टीने उद्बोधक आहे. महाराष्ट्रातील ज्या उत्पादनांना हा दर्जा आरंभीच मिळाला त्यांत तिची गणना होते व त्याचा अभिमान रास्तच आहे. पण भौगोलिक निर्देशांक गावाचे नाव वाचवतो, माणसाचे नाव वाचवत नाही. किंबहुना वस्तूचा गुण एका व्यक्तीचा नसून त्या भूप्रदेशाचा आहे, हीच त्याची पूर्वअट आहे. कलामेळ्याची पूर्वअट याच्या नेमकी उलट आहे. तेथे गाव महत्त्वाचे नसते, नाव महत्त्वाचे असते. एकाच धाग्याला एका कायद्याने समूहाची मालमत्ता ठरवले आणि एका बाजाराने व्यक्तीची प्रतिभा ठरवले. विणकर पहिल्या घरात राहतो, म्हणून दुसऱ्या घराचे दार त्याला दिसत नाही.

हे दार कायमचेच बंद होते असे मात्र नाही. १९५० च्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने देशात विणकर सेवा केंद्रे सुरू झाली व त्यांत चित्रकारांना आकृतिबंधकार म्हणून नेमण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन, आंबादास, गौतम वाघेला आणि प्रभाकर बरवे ही नावे त्या संदर्भात घेतली जातात. १९३६ मध्ये रायगडमधील नागाव येथे जन्मलेले बरवे १९६१ पासून या केंद्रात होते, प्रथम वाराणसीला व नंतर मुंबईत. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे मराठीत चित्रनिर्मितीवरचे दुर्मीळ चिंतन त्यांनीच लिहिले. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत पान, घड्याळ, डबा, पक्षी यांसारख्या वस्तू सपाट अवकाशात परस्परांपासून अंतर राखून ठेवलेल्या दिसतात. वस्तूंचे हे मोजलेले अंतर आणि रिकाम्या जागेला आकृतीइतकेच महत्त्व देण्याची वृत्ती यांचा कापडावरील आकृतिबंधाच्या दीर्घ सरावाशी संबंध असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. बरवे यांच्यावरील लेखनात वाराणसीतील वास्तव्य येते ते बहुधा तंत्रविद्येच्या प्रभावापुरते. माग मात्र त्यातून निसटतो. चित्रकाराने विणकराला काय दिले याची नोंद शासकीय दप्तरांत कुठे तरी असेल. विणकराने चित्रकाराला काय दिले, हे कोणी लिहिलेच नाही.

सार्वजनिक संस्था आणि मराठी समीक्षा

बरवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच्या उद्घाटनात अमोल पालेकर यांनी या संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या रद्द केल्याबद्दल जाहीर प्रश्न उपस्थित केले, तेव्हा त्यांचे भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रसंगाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मूळ मुद्दा, म्हणजे शहरातील कलावंतांचा त्या शहरातील सार्वजनिक संग्रहालयाच्या निर्णयांत सहभाग असावा की नाही, हा गदारोळात मागे पडला. १९९६ मध्ये हे संग्रहालय कावसजी जहांगीर सभागृहात उघडले, त्यामागे मुंबईच्या कलावंतांचा दीर्घ पाठपुरावा होता. सार्वजनिक संस्थेतील अशी जागा आकसली की ती पोकळी खासगी मेळा भरून काढतो. मेळ्याला सल्लागार समितीची सक्ती नसते आणि प्रश्न विचारणाऱ्या वक्त्याचीही गरज नसते.

मराठीत दृश्यकलेवर लिहिणाऱ्यांची परंपरा क्षीण असली तरी हलकी नाही. द. ग. गोडसे, संभाजी कदम, बाबूराव सडवेलकर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, प्रभाकर कोलते यांचे लेखन, सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड, सतीश नाईक यांचे 'चिन्ह' आणि त्यांनी सिद्ध केलेला गायतोंडे यांच्यावरील मराठी ग्रंथ ही तिची साक्ष आहे. कलामेळ्यातील फलक, पुस्तिका आणि परिसंवाद हा सारा व्यवहार मात्र प्रामुख्याने इंग्रजीत चालतो. मराठी वाचकाने जे गायतोंडे आपल्या भाषेत वाचले, ते लिलावाच्या पुस्तिकेत ओळखू येणार नाहीत इतके निराळे दिसतात. एकीकडे माणूस आणि त्याचे मौन, दुसरीकडे सन, आकार आणि पूर्वमालकांची यादी.

या दुराव्याला आपली शिक्षणव्यवस्थाही जबाबदार आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना राज्यभरातून मोठ्या संख्येने मुले बसतात. दहावीच्या निकालात मिळणारे सवलतीचे गुण हे त्यांतील अनेकांचे मुख्य आकर्षण असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढून झाले की त्या मुलाचा चित्रकलेशी संबंध संपतो. चित्र कसे पाहावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. २०२३ मध्ये सर ज. जी. समूहाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचा लाभ जिल्ह्यांतील कला महाविद्यालयांपर्यंत कितपत झिरपेल, हे पाहावे लागेल. त्यांतील काहींच्या ग्रंथालयात समकालीन कलेवरचे एकही मराठी नियतकालिक येत नाही. अर्थात ते येण्यासाठी आधी निघावेही लागते.

सोलापूरच्या जुन्या पेठांत आलेख-कागद रंगवणारे कारागीर आता मोजकेच उरले असावेत. संगणकाने त्यांचे काम पुष्कळसे आपल्याकडे घेतले आहे. हाताने रंगवलेले ते कागद कारखान्यांच्या माळ्यावर, गुंडाळ्या करून, बहुधा धुळीत पडून असतात आणि काम बंद झाले की रद्दीत जातात. कागदाच्या कोपऱ्यात नक्षीचा क्रमांक असतो, धाग्यांचा हिशेब असतो, कधी गिऱ्हाइकाचे नाव असते. तो काढणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी त्यावर जागाच ठेवलेली नसते. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र आणि वस्त्रविज्ञान या चारही विभागांच्या प्राध्यापकांना एकत्र येऊन हाती घेता येईल असे हे काम आहे, आणि त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. हे कागद जमवून, त्यांच्या कर्त्यांची नावे हयात माणसांना विचारून नोंदवली गेली, तर वर सांगितलेल्या सहीच्या प्रश्नाला निदान एका शहरापुरता पुरावा तरी हाती येईल.